डॅलसचे वैद्यक खाते आणि संशोधक डॉक्टरांची घडण

१९५१ च्या जानेवारीत डोनाल्ड सेल्डिन हे तिशीतले मूत्रपिंडविकारतज्ज्ञ येल विद्यापीठ सोडून टेक्सास राज्यातील डॅलस शहरी दाखल झाले, तेव्हा ज्या साउथवेस्टर्न वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली होती ते लष्करी पद्धतीच्या लाकडी बराकींत भरत असे. आणि थोड्याच अवधीत, एकामागून एक अध्यापक निघून गेल्यामुळे, मेडिसिनच्या खात्यात पूर्ण वेळ काम करणारे असे ते एकटेच उरले. १९५२ मध्ये खात्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि १९८८ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी ते सांभाळले. बाहेरून नामांकित विद्वान आणावेत तर खात्यापाशी ना द्रव्य होते ना लौकिक; म्हणून सेल्डिन यांनी आपल्याच विद्यार्थ्यांकडे दृष्टी वळविली. रुग्णशय्येपाशी उभा असताना ज्याच्या मनात ‘हे असे का होते’ हा प्रश्न रुग्णाची फेरी संपल्यावरही रेंगाळतो असा तरुण हेरावयाचा, त्याला चांगल्या प्रयोगशाळेत शिकावयास धाडावयाचे, आणि तो परतण्यापूर्वीच त्याची जागा खात्यात राखून ठेवावयाची, हा त्यांचा परिपाठ झाला. जीन विल्सन, डॅनियल फॉस्टर, फ्लॉइड रेक्टर ही पुढे ख्यातनाम झालेली मंडळी याच महाविद्यालयाची विद्यार्थी होती.

या परिपाठाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे जोसेफ गोल्डस्टीन. ते अजून विद्यार्थी असतानाच सेल्डिन यांनी त्यांना सांगून टाकले की आनुवंशिकीचे शिक्षण घेऊन ये, त्या विषयाची शाखा येथे तुझ्या हाती सोपवू. १९६६ मध्ये पदवी घेतल्यावर गोल्डस्टीन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात गेले, तेथे मायकेल ब्राउन यांच्याशी त्यांची मैत्री जडली. नंतर दोघेही बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत होते आणि त्यानंतर गोल्डस्टीन यांनी सिअ‍ॅटलमध्ये आर्नो मोटुल्स्की यांच्या हाताखाली दोन वर्षे आनुवंशिकीचा अभ्यास केला. १९७२ मध्ये ते डॅलसला परतले तेव्हा जागा तयार होती, आणि ब्राउन वर्षभर आधीच तेथे येऊन पोहोचले होते. बालवयातच हृदयविकाराचा झटका यावा इतके कोलेस्टेरॉल ज्यांच्या रक्तात साचते अशी मुले बेथेस्डा येथे त्यांच्या पाहण्यात आली होती. त्या मुलांच्या पेशींना कशाची उणीव आहे हे शोधता शोधता, रक्तातील कोलेस्टेरॉलवाहक कण पकडून पेशीच्या आत नेणारे प्रथिन त्यांना सापडले, आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. विद्यार्थ्याला दिलेला शब्द सहा वर्षे पाळणाऱ्या खातेप्रमुखाचा या शोधातील वाटा मला फार मोठा वाटतो.

अर्थात केवळ शब्दावर प्रयोगशाळा चालत नाही. त्या पिढीला सरकारी बळ एका विलक्षण मार्गाने लाभले. अमेरिकेत डॉक्टरांवर लष्करी सेवेची सक्ती होती, आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दोन वर्षे काम केल्यास ती सेवा पुरी झाल्याचे मानीत. त्यामुळे देशातील बुद्धिमान तरुण डॉक्टर तेथे प्रवेशासाठी धडपडत आणि संशोधनाची गोडी लागूनच बाहेर पडत. १९७३ मध्ये सक्ती उठली, ओघ आटला, आणि १९७९ मध्ये जेम्स विन्गार्डन यांनी एका प्रसिद्ध लेखात इशारा दिला की रुग्णांवर उपचार करता करता संशोधन करणारा डॉक्टर ही जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. हेच विन्गार्डन पुढे त्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक झाले.

आज विद्यापीठाच्या खात्यात या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणापुढे अनुदानांची एक शिडी उभी असते. एम.डी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्र देणारा सरकारी कार्यक्रम १९६४ मध्ये तीन महाविद्यालयांत सुरू झाला, तो आता अनेक ठिकाणी, डॅलसमध्येही, चालतो. पदवीनंतर ज्याला संशोधनाकडे वळावयाचे असेल त्याला, वैद्यक मंडळाच्या परवानगीने, रुग्णालयातील तीन वर्षांची उमेदवारी दोन वर्षांवर आणून पुढची तीन वर्षे मुख्यतः संशोधनास देता येतात. त्या काळातील विद्यावेतन बहुधा १९७४ च्या कायद्यान्वये खात्याला मंजूर झालेल्या प्रशिक्षण-जागांतून मिळते. कोणाला घ्यावयाचे हे खातेच ठरविते, आणि पहिल्या वर्षी घेतलेल्या मदतीची फेड पुढे तेवढेच महिने संशोधन करून करावयाची असते. कर्जाचा भार वेगळाच. वैद्यकीय शिक्षण संपेपर्यंत अमेरिकन विद्यार्थ्याच्या डोक्यावर २ लाख डॉलरच्या आसपास देणे साठणे ही सामान्य गोष्ट आहे, म्हणून आठवड्यातील किमान २० तास संशोधनाला देण्याचा करार करणाऱ्याचे वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतचे कर्ज सरकार फेडते.

परंतु या शिडीची खरी पायरी म्हणजे ‘के’ मालिकेतील अनुदाने. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यासाठी ‘के ०८’ आणि प्रत्यक्ष रुग्णांवर संशोधन करणाऱ्यासाठी ‘के २३’. तीन ते पाच वर्षांच्या मुदतीत हे अनुदान मुख्यतः वेळ विकत घेते: डॉक्टरने आपल्या कामाचा किमान ७५ टक्के भाग संशोधनाला द्यावयाचा, शल्यचिकित्सकांना मात्र बहुधा ५० टक्क्यांपर्यंत सवलत. मंजूर होणाऱ्या रकमेत डॉक्टरचे पूर्ण वेतन सहसा निघत नाही. उरलेली भर खात्याला घालावी लागते, आणि तो डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात न बसल्यामुळे बुडालेले उत्पन्नही खात्यालाच सोसावे लागते. अर्जासोबत खातेप्रमुखाची लेखी हमी लागते, आणि त्या हमीत एक अट अशी असते की उमेदवाराची जागा व त्याचा राखीव वेळ हे अनुदान मिळण्यावर अवलंबून नसावेत. अनुदान मिळो अथवा न मिळो, हा मनुष्य आमचा आहे, असे खात्याने आधीच लिहून द्यावयाचे. सेल्डिन जे तोंडी करीत ते येथे दप्तरात बांधले गेले आहे, आणि सगळ्या तरतुदींत मोलाची अशी मला हीच वाटते. ज्या खात्यात ही हमी केवळ शिरस्त्याची सही होऊन बसते तेथे तरुण अध्यापकाची राखीव दुपार हळूहळू रुग्णतपासणीने भरत जाते, आणि पाच वर्षे सरली की स्वतंत्र अनुदानाच्या अर्जास लागणारे काम त्याच्या हाती उरत नाही. हे स्वतंत्र अनुदान पहिल्यांदा पदरी पडते तेव्हा बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली असते; त्याच वयात घरी लहान मुले किंवा आजारी आईबाप असतात. डॉरिस ड्यूक प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये १० वैद्यकीय महाविद्यालयांना निधी दिला तो नेमका अशांसाठी: घरच्या जबाबदारीने थकलेल्या संशोधकाला मदतनीस ठेवता यावा व प्रयोग बंद पडू नयेत.

आपल्याकडे महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असल्या कोणत्याही छत्राविना विंचूदंशाचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध केला, हे स्मरून ऊर भरून येतो, पण असा निश्चय शेकडोंत एखाद्याचा, आणि विद्यापीठाच्या खात्याने त्या एकाच्या आशेवर बसून राहणे योग्य नाही.

डॅलसमध्ये पुढच्या पिढीत हेलन हॉब्स या पार्कलँड रुग्णालयात प्रमुख निवासी डॉक्टर होत्या. संशोधनाचा विचारही त्यांच्या मनात पक्का नव्हता. सेल्डिन यांच्या आग्रहावरून त्या ब्राउन व गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. २००० मध्ये सुरू झालेल्या, शहरातील साडेतीन हजारांवर रहिवाशांच्या हृदयविषयक पाहणीत त्यांना व जोनाथन कोहेन यांना काही कृष्णवर्णीय नागरिकांत ‘पीसीएसके ९’ हे जनुक निकामी झालेले आढळले. २००६ मध्ये, अन्य एका दीर्घकालीन पाहणीतील नोंदींच्या आधारे, त्यांनी दाखवून दिले की ज्या कृष्णवर्णीय व्यक्तींत हे जनुक निकामी होते त्यांच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी. त्या जनुकाच्या प्रथिनाला रोखणारी पहिली दोन औषधे अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाली, तेव्हा सेल्डिन ९४ वर्षांचे होते.