दिंडीचा ट्रक, सौर पॅनल आणि बॅटरीची निवड

वारीहून परतल्यापासून आम्हाला चार-पाच गावांतून एकच प्रश्न आला. तुमच्या दिंडीच्या ट्रकवर ते काळं तावदान कसलं होतं, आणि त्याच्यावर रात्रभर दिवे कसे चालले? म्हणून आजचं बोलणं त्याच्यावरच.

दिंडीचा ट्रक म्हणजे काय हे वारी केलेल्या बाईला सांगायला नको. आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस तोच आपलं घर. सामान त्यात, कोठीघर त्यात, आणि पाऊस लागला की म्हाताऱ्या बायकांची झोपायची जागाही त्यातच. अमेरिकेत म्हणे हौशी लोक पिकअप गाडीच्या हौद्यावर छोटी खोली बसवून महिनोन् महिने फिरतात. त्याला ते ट्रक कॅम्पर म्हणतात. वर पॅनल, आत बॅटरी. आपल्या दिंडीचं गणितही तेच, फक्त त्यांच्या खोलीत दोन माणसं आणि आपल्या ट्रकभोवती चाळीस.

पहिल्या वर्षी आम्ही काहीच विचार केला नव्हता. ड्रायव्हरदादांनी ट्रकच्याच बॅटरीवरून दोन दिवे आणि मोबाइलच्या चार पिना काढून दिल्या. सासवडला दोन रात्रींचा मुक्काम, ट्रक जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. चिखलातून तो ट्रक ढकलला त्या बायकांमध्ये आम्हीही होतो. गाडीची बॅटरी ही गाडी सुरू करण्यापुरती असते. एका क्षणात खूप जोर द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचं, असा तिचा स्वभाव. तिच्यातल्या पट्ट्या पातळ असतात, पार रिकामी झाली की ती लवकर मरते. शिवाय मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. आमचे दिवे त्यातल्या एकीवरच लावले होते, त्यामुळे एक थकलेली आणि एक भरलेली असं विजोड बैल जुंपल्यासारखं झालं. तेव्हा पहिली गोष्ट, ट्रकच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या वर्षी घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून नेली. उचलून म्हणजे चार गड्यांनी. तिचं वजन साठ किलोच्या घरात. दिवे घाटात गाडी हिंदकळली, ॲसिड सांडलं आणि तीन गोधड्यांना भोकं पडली. ही बॅटरी भरताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेणारा. घरी ती हवेशीर कोपऱ्यात असते. ताडपत्री ओढलेल्या ट्रकात, जिथे बायका झोपतात तिथे, ती ठेवायची नसते हे आम्हाला नंतर कळलं.

त्या वर्षीची लोणंदची रात्र मात्र आम्ही विसरलेलो नाही. आमच्या आक्कांना दमा आहे. नेब्युलायझरचं यंत्र, म्हणजे औषधाची वाफ देणारं, आम्ही बरोबर ठेवतो. दिवसभर झड होती, ऊन नाही. रात्री दीड वाजता आक्कांना धाप लागली. यंत्र लावलं तर इन्व्हर्टर ओरडून बंद पडला. बॅटरी रिकामी. कुणी रिकामी केली? आम्हीच. संध्याकाळपासून अठरा मोबाइल चार्जिंगला होते. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका वारीच्या वाटेवरच असल्यामुळे लवकर आली आणि आक्का सावरल्या. पण त्या अर्ध्या तासात आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं. दुकानात गेलं की दुकानदार आधी पॅनल दाखवतो. खरं तर आधी आपला खर्च मांडायचा, मग बॅटरी ठरवायची, आणि पॅनल शेवटी.

खर्च मांडणं सोपं आहे. उपकरणावर लिहिलेले वॉट गुणिले ते किती तास चालतं. ९ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, झाले १८० वॉट-तास. १५ वॉटचा एक छोटा पंखा सहा तास, ९०. हरिपाठाचा स्पीकर दोन तास, ८०. आक्कांचं यंत्र दोन वेळा धरून ५०. आता मोबाइल. ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, सुमारे २५ वॉट-तास लागतात. एकट्या फोनचं काही वाटत नाही. पण दिवसाला वीस फोन म्हणजे ५००! सगळे दिवे, पंखा, स्पीकर आणि वाफेचं यंत्र मिळून ४००, आणि नुसते फोन ५००. एकूण ९००, वरची गळती धरून हजार. घरच्या बिलात ज्याला आपण एक युनिट म्हणतो, तेवढं. हा आकडा पाहून आम्ही गप्पच झालो.

आता बॅटरी. बाजारात आपल्या कामाच्या दोन जाती. एक शिशाची, म्हणजे पाणी घालायची ट्युब्युलर किंवा बंद डब्याची जेल आणि एजीएम. दुसरी लिथियमची. लिथियममध्येही प्रकार आहेत, आपण मागायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात तिला एलएफपी म्हणतात. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा ती तापून पेट घेण्याच्या बाबतीत बरीच शांत आहे, आणि झोपायच्या जागेजवळ ठेवायची तर हाच मुद्दा मोठा.

बॅटरीवर १०० एएच, १५० एएच असं लिहिलेलं असतं. त्याला व्होल्टने गुणलं की वॉट-तास मिळतात. पण लिहिलेलं सगळं वापरायला मिळत नाही. शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १२ व्होल्ट, १५० एएचच्या १८०० वॉट-तासांपैकी आपल्या हाती ९००. एलएफपी मात्र ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते. १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १२८०, त्यातले हजारभर वापरता येतात. आकडा लहान, हाती जास्त. वजन बारा-तेरा किलो, दोघी सहज उचलतो. अशा वापरात ती दोन हजारांहून जास्त वेळा भरते-रिकामी होते. किंमत आम्हाला शिशाच्या बॅटरीच्या दुपटीहून जास्त पडली, ते लपवण्यात अर्थ नाही. भिशीतून उभी केली. पण ज्या दिंडीत फक्त दोन दिवे आणि एक स्पीकर आहे, त्यांनी बंद डब्याची शिशाची घेतली तरी काही बिघडत नाही. एका सभासदाने ई-रिक्षाची जुनी लिथियम बॅटरी स्वस्तात देऊ केली होती, ती आम्ही नाकारली. आत कोणते सेल आहेत, त्यांचं रक्षण करणारं बीएमएस सर्किट शाबूत आहे का, हे बाहेरून कळत नाही.

एलएफपीची एक खोड सांगून ठेवतो. शिशाची बॅटरी किती भरली ते व्होल्टमीटरवर अंदाजाने कळतं, स्वस्थ असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपी जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच दाखवत राहते आणि मग एकदम बसते. लोणंदसारखा प्रसंग परत नको म्हणून आम्ही शंट लावलेला मीटर घेतला. किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली ते तो मोजतो आणि टक्के दाखवतो.

पॅनल आम्ही २०० वॉटचं घेतलं, काचेचं, वजनाला बाराएक किलो. चांगलं ऊन असेल तर दिवसाला ६०० ते ७०० वॉट-तास मिळतात. ढग भरून आले की २०० ते २५०. आषाढात दोन्ही धरूनच चालावं लागतं. मग हजारचा खर्च भागणार कसा? नाहीच भागत. म्हणून नियम केला: फोन दिवसा, ऊन असताना, पाळीपाळीने दहाच. सूर्य मावळला की फोनची पिन काढायची. बाकीचा ४०० चा खर्च, गळतीसह साडेचारशे-पाचशे, बॅटरीवर दोन रात्री निघतो, मध्ये ऊन अजिबात पडलं नाही तरी. आणि मीटर ३० टक्क्यांवर आला की पंखा, स्पीकर बंद. ते तीस टक्के आक्कांचे. सुरुवातीला तरुण पोरांनी कुरकुर केली. आता तीच मीटर बघून येतात.

पॅनल बसवायची जागा म्हणजे केबिनवरचा टप. ट्रक भाड्याचा, दरवर्षी वेगळा, म्हणून छिद्र पाडायचा प्रश्नच नव्हता. वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, ती कॅरिअरला पट्ट्या आणि नट-बोल्टने आवळतो. स्प्रिंग वॉशर घालायचे, नाहीतर रस्त्याच्या धक्क्यांनी नट सैल होतात. आम्ही रोज सकाळी चहाच्या आधी हाताने तपासतो. पॅनलखाली चार बोटं मोकळी ठेवायची, कारण पॅनल तापलं की वीज कमी देतं. चौकट गाडीच्या मापाबाहेर जाऊ द्यायची नाही. नोंदणीच्या कागदाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे.

घराच्या गच्चीवर पॅनल दक्षिणेकडे कलतं करतात, म्हणून आम्हीही आधी तसंच केलं. एका शिक्षिका मैत्रिणीने चूक दाखवली. वारीच्या दिवसांत आपल्या भागात भर दुपारी सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. शिवाय ट्रक कधी कुठे तोंड करेल सांगता येत नाही. तेव्हा पॅनल आडवंच ठेवायचं, पाणी ओघळेल इतपतच कल. सावलीचं मात्र फार जपावं लागतं. आतले सेल साखळीसारखे जोडलेले असतात, एकावर सावली पडली तर पुष्कळांची वीज अडते. आमची पताका केबिनला बांधलेली होती. काठीची सावली पॅनलवर आली की आकडा झपकन खाली. पताका मागच्या फाळक्याला नेली.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. स्वस्त तो पीडब्ल्यूएम, महाग तो एमपीपीटी. १२ व्होल्टच्या छोट्या पॅनलला पीडब्ल्यूएम चालतो, थोडी वीज वाया जाते इतकंच. पण कुणी गच्चीवरचं उरलेलं ३३० वॉटचं पॅनल फुकट दिलं तर पीडब्ल्यूएमवर त्यातून सव्वाशे वॉटही मिळणार नाहीत, कारण त्याचे व्होल्ट जास्त असतात आणि हा कंट्रोलर ते तसेच सोडून देतो. आम्ही २० अँपिअरचा एमपीपीटी घेतला. त्यात बॅटरीची जात निवडायची असते, ती लिथियमच निवडायची. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

आता वायर. आम्ही सगळ्यात जास्त हयगय केली ती इथे. घरात १०० वॉटला अर्धा अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टवर त्याच १०० वॉटला आठ अँपिअरहून जास्त. पाच मीटर लांब, एक एमएमची बारीक वायर टाकली तर जाऊन-येऊन सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच जिरतो, आणि जिरतो म्हणजे वायर तापते. पॅनलपासून आम्ही चार एमएम टाकली, दिव्यांना अडीच. ३०० वॉटच्या इन्व्हर्टरला दहा एमएम, आणि तीही हातभरच. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, कारण वाफेच्या यंत्रात मोटार असते. काम झालं की तो बंद करायचा. नुसता चालू ठेवला तरी रात्रभरात पन्नास-ऐंशी वॉट-तास खातो. दिवे, पंखा आणि फोन सरळ १२ व्होल्टवरच आहेत.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. इन्व्हर्टरच्या वायरीवर ४० अँपिअरचा, दिव्यांच्या वायरीवर १० चा. माळशिरसच्या तळावर एकदा सगळे दिवे गेले. बघतो तर दिव्याची वायर फाळक्याच्या पत्र्यावर घासून सोलली होती आणि पत्र्याला चिकटली होती. खाली गोधड्या. फ्यूज उडाला म्हणून दिवेच गेले. तेव्हापासून वायर पत्र्यावरून जाते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो.

आणि बॅटरीला हात लावण्याआधी बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवायची. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण बेफिकीर असतो. पण धातूची बांगडी दोन्ही टोकांना एकदम टेकली तर ती क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा, टोकांवर रबरी टोप्या घाला.

वारी संपली की बॅटरी निम्मी भरलेली ठेवून सगळ्या वायरी काढतो आणि ती बचत गटाच्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा मीटर बघतो. यंदा ट्रक दुसऱ्या मालकाचा ठरला आहे. त्याचा टप आखूड आहे असं ऐकलं, म्हणून रविवारी मोजपट्टी घेऊन जाणार आहोत. चौकट बसली नाही तर वेल्डरकडे परत एक फेरी.