जन्म हाच पुरावा

१८७१ या एकाच वर्षी ब्रिटिशांनी गुन्हेगारीबद्दल दोन कायदे केले. पहिला ऑगस्टमध्ये, स्वतःच्या देशासाठी. सराईत गुन्हेगारांवर पोलिसांनी नजर कशी ठेवायची, हे त्यात सांगितलं होतं. पण तशी नजर ठेवण्याआधी त्या माणसाचा गुन्हा न्यायालयात शाबीत व्हावा लागे. दुसरा कायदा १२ ऑक्टोबरचा, हिंदुस्थानसाठी. तो गुन्हेगार जमाती कायदा. इथे कुणा एकावर गुन्हा शाबीत करण्याची गरजच ठेवली नव्हती. सरकारने अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरवली की त्या जमातीत जन्मलेल्या कुणाचंही नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढवता येई. त्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासायची नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं होतं.

लंडनचा चोर ही एक व्यक्ती होती. हिंदुस्थानातला भटका मात्र आपल्या जमातीचा एक नमुना होता. वसाहतवादाने वंशभेदाला कायद्याचं रूप कसं दिलं, हे समजायला हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

यामागचा युक्तिवाद असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा मुलगाही चोरच होणार. जातिव्यवस्थेकडे पाहून काढलेला हा निष्कर्ष साहेबांना शास्त्रीय वाटत होता. १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन यांनी चालवलेल्या ठगीविरोधी मोहिमेने आनुवंशिक गुन्हेगारीची कल्पना प्रशासनात आधीच रुजवली होती. पुढे १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची मोजून जातींचे वंश ठरवण्याचा उद्योग केला. माणसाचं शरीर मोजलं की त्याची लायकी कळते, असा त्या काळच्या युरोपीय विद्वत्तेचा विश्वास होता आणि त्या विश्वासामागे सरकारी ताकद उभी होती.

पण केवळ विचारसरणीने इतकी माणसं तारेच्या कुंपणाआड जात नाहीत. त्यात राज्यकर्त्यांचा फायदाही होता. ब्रिटिशांना शेतसारा हवा होता आणि तो एका जागी राहणाऱ्या शेतकऱ्याकडून मिळतो. तांडे घेऊन फिरणारा, पालात राहणारा माणूस त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हता. बंजारा समाज शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर पोचवत होता. रेल्वे आली, मिठावर सरकारी बंधनं आली आणि त्यांचा व्यापार बसला. १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारची मालकी आणली आणि शिकारीवर जगणारे पारधी स्वतःच्याच रानात घुसखोर ठरले. रामोशी आणि बेरड गावांची, गडकोटांची राखण करत. नवीन पोलीस व्यवस्थेने त्यांचं काम आणि वतनं घेतली. रामोश्यांचे नेते उमाजी नाईक तर इंग्रजांविरुद्ध उठाव करून फासावर गेले होते. आधी पोटावर पाय दिला आणि मग उपाशी माणसाने चार कणसं उचलली की तो स्वभावानेच चोर असल्याचा दाखला तयार झाला. गुन्हेगार जमाती कायदा फक्त जमातींपुरताही नव्हता. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांचीही नोंदणी होती. सार्वजनिक ठिकाणी बायकांचे कपडे घालणं आणि नाचणं हासुद्धा त्यांचा गुन्हा मानला गेला.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू होता. १९११च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. मग पोलिसांपुढे हजेरी सुरू झाली. गाव सोडायचं तर दाखला हवा, दुसऱ्या गावी पोचलं की तिथे नोंद करायची. दाखल्याविना सापडणाऱ्याला तुरुंग. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला.

सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथे या जमातींना कुंपणाआड ठेवणाऱ्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट, उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा समाजांची कुटुंबं तिथे कोंडली गेली आणि मोठी माणसं शहरातल्या कापड गिरण्यांत कामाला लावली गेली. याला सुधारणा म्हणत. गिरण्यांना मात्र त्यातून असा मजूर मिळाला, ज्याला काम सोडून पळता येत नव्हतं. आजही सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा लोकांचा पत्ता आहे.

या सगळ्याचा दोष फक्त गोऱ्या साहेबावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. गावात आलेल्या अशा माणसांची खबर देण्याची जबाबदारी कायद्याने गावच्या पाटलावर, राखणदारावर आणि जमीनदारावर टाकली होती, आणि गावाने ती बिनतक्रार उचलली. पालावरच्या माणसाला वेशीच्या आत न घेणारी व्यवस्था इंग्रजांच्या आधीपासून होती. परक्या सत्तेचा वंशभेद आणि आपला जातिभेद यांची गाठ पडली, म्हणून हा कायदा इतका खोल गेला.

वेगळं वागणं त्या काळीही शक्य होतं. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी चाकरीत घेतलं, राखणीचं काम दिलं. ज्यांना ब्रिटिश मुलुखात चोर म्हणत, त्यांच्या हाती महाराजांनी आपला पहारा सोपवला. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कारण ‘त्या काळी सगळेच तसे विचार करत’ या सबबीला ती जागाच ठेवत नाही.

स्वातंत्र्यानंतर या कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या अय्यंगार समितीने तो रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमातींना विमुक्त म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. कागदावर ते व्यक्तीसाठी होते, पण पोलिसांची पावलं जुन्या सवयीने त्याच पालांकडे वळत राहिली. परिसरात चोरी झाली की पहिली धाड कुठे पडते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही विचारा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं स्वातंत्र्यानंतरच्या जगण्याचीच आहेत.

पोलिसांच्या संशयाबरोबर दुसरा अडथळा कागदांचा. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जात दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना एका गावात राहूच दिलं नाही, त्यांच्या आजोबांचा घराचा पत्ता मागायचा, हा अन्याय आहे. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून शाळा सुटते. शाळा सुटलेलं पोर रस्त्यावर दिसलं की पुन्हा संशय त्याच्यावरच.

या संशयाचं टोक १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. कुठलाही कायदा त्या जमावाच्या हातात नव्हता. फिरणारा माणूस गुन्हेगारच असणार, ही समजूत मात्र होती.

हीच समजूत तुरुंगांच्या नियमांतही टिकून होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनीही तो तुरुंगाच्या पुस्तकात जिवंत होता.

आता जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे. यापूर्वी जनगणनेतून सर्व जातींची आकडेवारी शेवटची १९३१ साली, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा अमलात असताना मिळाली होती. या वेळी प्रगणकांनी पक्क्या घरांपाशी थांबू नये. गावाबाहेरच्या पालापर्यंत, उड्डाणपुलाखालच्या झोपडीपर्यंत, ऊसतोडीच्या फडापर्यंत जावं. राज्य सरकारने १९६१च्या पुराव्याची अट या समाजांसाठी काढून टाकावी. आणि तुमच्या गावात पाल पडलं, तर पोलिसांना फोन करण्याआधी तिथल्या मुलांचं नाव शाळेत घातलंय का, ते विचारून या.