वाडीतला पाला वाडीतच

मे महिन्यात पालघरच्या गावांत शेताच्या कोपऱ्यातून धूर निघू लागला की समजावं, राब भाजतायत. शेण, पालापाचोळा, गवत थरावर थर रचायचं, वर माती पसरायची, पेटवायचं आणि पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. तण मरतं, पालाश मिळतं; पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरासोबत जातो. सौदा महागाचाच.

केळवे-माहीमकडच्या रेताड वाड्यांची अडचण वेगळी. युरियात 46 टक्के नत्र असलं, तरी रेतीत ते टिकत नाही. एका जोरदार सरीत मुळांखाली झिरपून जातं. म्हणून आधी कंपोस्ट, मग युरिया, तोही थोडा थोडा विभागून.

कंपोस्टसाठी पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेला ‘नाडेप’ हौद आजही सोयीचा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. विटांच्या भिंतींत हवेसाठी भोकं. काडीकचरा, शेणकाला, चाळलेली माती असे थर रचून वरून शेणमातीने लिंपायचं. साधारण चार महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत हाती येतं. घाई मात्र नको. अर्धवट कुजलेलं खत मातीतलंच नत्र ओढतं आणि रोपं पिवळी पडतात.

बोईसरच्या इमारतींत हेच काम भोकं पाडलेल्या ड्रममध्ये होतं. तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या नाल्यांतला गाळ मात्र, कितीही काळाभोर दिसला तरी, भाजीच्या वाफ्यात टाकू नये.