पडवीवर काय घालावे?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बोर्ली पंचतनच्या आमच्या घराची पडवी उघडी पडली. पाऊस दारात, म्हणून घाईने पत्रे ठोकले. पावसाळा निभावला, पण पुढच्या एप्रिलात आईने दुपारी पडवीत बसणेच सोडले. पत्रा ऊन झेलतो आणि तसेच डोक्यावर ओततो. खाऱ्या हवेने गंजतो तो वेगळाच. पुण्याच्या दादाने पारदर्शक फायबर सुचवले. म्हणजे उन्हाला घरचे आमंत्रणच! अखेर मंगलोरी कौलांवरच आलो. माती उशिरा तापते, फटींतून गरम हवा निघून जाते. वादळ कडेने घुसते, म्हणून कडेच्या ओळी सिमेंटात बसवल्या. पुढे अंगणात झापांचा मांडव. खर्च पत्र्याहून जास्त झाला, खरे. पण पहिल्याच दुपारी आई सुपारीची टोपली घेऊन पडवीत सोलायला बसली.