डॉक्टरांचे पॉइंट कोण देतं, आणि काढून कोण घेतं?

रत्नागिरीतून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येतोय, तो जरा चालवून घ्या.

मागच्या आठवड्यात एक डॉक्टर मित्र चहाला भेटला. म्हटलं, रविवारी कुठे गायब होतास? तर म्हणे, "पॉइंट आणायला गेलो होतो." मला हसूच आलं. पण भानगड खरी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरला ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते मिळतात सीएमईला, म्हणजे डिग्रीनंतरच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना बसून. हे कार्यक्रम डॉक्टरांच्या संघटना, कॉलेजं, हॉस्पिटलं घेतात. कौन्सिल त्यांना मान्यता देते, निरीक्षकही पाठवते.

आता एवढा खटाटोप कशाला? आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. लाल विंचू चावला की हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं, माणूस दगावतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ब्लड प्रेशरच्या प्राझोसिन गोळीने असे रुग्ण वाचवून दाखवले. पुढे २०११ साली 'बीएमजे'त आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिली तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर सावरतो. २००० साली डिग्री घेतलेल्या डॉक्टरला हे कॉलेजात कोण शिकवणार होतं? त्याला ते नंतरच कळणार.

आणि इथेच गोम आहे. मित्राने सांगितलेला एक कार्यक्रम (कुठला ते नको): सकाळी सही, दुपारी जेवण, आणि मधलं व्याख्यान रिकाम्या खुर्च्यांना! कागदावर मात्र सगळ्यांना पॉइंट.

अशा आयोजकाची मान्यता काढता येते का? येते. आपल्या कायद्याचं एक साधं तत्त्व आहे: ज्याला आदेश काढायचा अधिकार, त्याला तो बदलायचा किंवा रद्द करायचाही अधिकार. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २१ हेच सांगतं. पण म्हणून मनात आलं आणि केलं रद्द, असं नाही चालत. आधी नोटीस, त्यात नेमका आरोप, मग म्हणणं मांडायची संधी. १९७४ साली एरूशियन इक्विपमेंट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुणाला काळ्या यादीत टाकण्याआधी त्याचं ऐकून घ्यावंच लागेल. तो खटला सरकारी व्यवहारांचा होता, पण न्याय तोच.

मला खरा अवघड वाटतो तो पुढचा प्रश्न. मान्यता गेली, तर जे डॉक्टर शेवटपर्यंत प्रामाणिकपणे बसले होते त्यांच्या पॉइंटचं काय? माझं मत सरळ आहे: ते राहावेत. मान्यता रद्द व्हावी ती पुढच्या कार्यक्रमांसाठी. मागचे पॉइंट कापायचे तर ज्याने नुसती सही ठोकली त्याचेच कापा. नाहीतर चूक आयोजकाची आणि नोंदणी अडकली दुसऱ्याचीच.

मुंबई-पुण्यात एक आयोजक बंद झाला तर दुसरे दहा आहेत. आमच्याकडे तसं नाही. इथला एखादा आयोजक गेला की आंबा घाट चढून कोल्हापूर गाठा, म्हणजे दिवसभर दवाखाना बंद. दापोली-मंडणगडच्या डॉक्टरचं तर विचारूच नका. ऑनलाइन कार्यक्रम असतात हो, पण तिथे तर कॅमेरा बंद करून झोपही काढता येते.

बरं, खर्च कोण करतं? बहुतेकदा औषध कंपन्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम आणले: कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमांना डॉक्टरांनी जायचं नाही. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले.

मित्राला विचारलं, मग रविवारी काय शिकलास? म्हणाला, "फुरशाच्या चावण्यावर होतं. पाच वाजेपर्यंत बसलो. शेवटी आम्ही अकराच जण उरलो होतो."