बोल्ट केव्हा आवळायचा?

जुन्या मोटारीच्या मागच्या बाजूने खड्ड्यात खडखड ऐकू येऊ लागली, टायर एका कडेने झिजू लागले, की पुष्कळदा गॅरेजवाला सांगतो, "आर्मचे बुश गेले." आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीचे असेच झाले. त्यांनी नवे आर्म बसवून घेतले, पण वर्षाच्या आत बुशांचे रबर पुन्हा फाटले. माल खराब, असे सर्वांनी ठरवले. काढलेले बुश आम्ही हातात घेऊन पाहिले, तेव्हा रबरातल्या सर्व भेगा एकाच दिशेला तिरप्या गेलेल्या दिसल्या. दोष रबराचा नव्हता. बोल्ट चुकीच्या वेळी आवळले गेले होते.

आधी आर्मचे काम समजून घेऊ. अँबॅसिडर किंवा पद्मिनीत मागचा सलग आस कमानपाट्यांना बांधलेला असे. आसाला जागेवर धरण्याचे कामही पाटेच करीत. मर्सिडीजने १९८२ साली '१९०' या गाडीत मागचे प्रत्येक चाक पाच आर्मांनी धरण्याची रचना आणली. तीच रचना पुढे 'डब्ल्यू १२४' मालिकेत आली. या मालिकेच्या गाड्या १९९५ पासून पुण्यात जुळवल्या जाऊ लागल्या. सहकाऱ्याची गाडी त्यांतलीच.

चाक वरखाली होताना आर्म आपल्या टोकाभोवती थोडासा फिरतो. दाराच्या बिजागरीत धातू धातूवर घासतो. बुशात तसे नसते. बुशात दोन नळ्या एकात एक असतात आणि मधले रबर दोन्हींना पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडते. बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते आणि रबराला पीळ बसतो. म्हणजे बुश ही एक पिळाची स्प्रिंगच आहे. प्रत्येक स्प्रिंगप्रमाणे तिलाही एक 'शून्य' स्थिती असते, आणि ती बोल्ट आवळण्याच्या क्षणी ठरते.

आता थोडे गणित करू. सोयीसाठी आर्मची लांबी ३०० मि.मी., आतल्या नळीची त्रिज्या १० मि.मी. आणि रबराची जाडी ५ मि.मी. धरू. गाडी जमिनीवर उभी असताना आर्म आडवा आहे. खड्ड्यात चाक ६० मि.मी. वर उचलले गेले, तर आर्म सुमारे ११.५ अंश, म्हणजे ०.२ रेडियन फिरेल. रबराची आतली बाजू बाहेरच्या बाजूच्या मानाने २ मि.मी. सरकेल. ५ मि.मी. जाडीत २ मि.मी., म्हणजे विकृती ४० टक्के.

पण गाडी जॅकवर उचलली की चाक लोंबते. ते ८० मि.मी. खाली गेले असे समजू. आर्म आता १५.५ अंश खाली झुकला आहे. याच स्थितीत बोल्ट आवळला, तर गाडी नुसती खाली ठेवताच ५४ टक्के विकृती कायमची मागे लागते. वर तोच खड्डा आला, की पीळ २७ अंशांचा आणि विकृती सुमारे ९४ टक्के! रबर तेच, खड्डा तोच, ताण मात्र दुपटीहून अधिक.

वर्गात हे दाखवता येईल. जाड खोडरबर दोन पट्ट्यांमध्ये चिकटवा आणि त्याच्या बाजूवर उभ्या रेघा काढा. वरची पट्टी सरकवली की रेघा तिरप्या होतात. त्या स्थितीत पट्ट्या आठवडाभर बांधून ठेवा आणि मग सोडून पाहा. रेघा पूर्ववत होतात का, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.

म्हणून आर्म बदलताना सर्व बोल्ट आधी सैलसर बसवावेत, गाडीचे वजन चाकांवर आणावे, आणि मगच ते ठरलेल्या बलाने आवळावेत. शेवटी चाकांचे अलाइनमेंट तपासावे. काम करताना गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी. या गाडीत खालच्या आर्मवर दबलेली स्प्रिंग असते. ती योग्य साधनाने आवळून धरल्याशिवाय आर्म सोडणे जिवावर बेतू शकते.

सहकाऱ्यांनी पुन्हा आर्म घेतले, तेव्हा आम्ही कारागिराला हे कागदावर रेघा काढून दाखवले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं." स्थितिस्थापकतेचा धडा आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. तो गॅरेजपर्यंत पोहोचवणे हेही आपलेच काम आहे.