मोटारगाडीस मोठी चाके बसविण्याचा निर्णय : सातारा-सांगली परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील तरुण मोटारमालकांमध्ये गाडीची मूळ चाके काढून त्या जागी मोठी अलॉय चाके बसविण्याची हौस चांगलीच रुजली आहे. एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० या क्रमांकाच्या एखाद्या वेगवान छोट्या गाडीकडे पाहिले असता प्रथम नजरेत भरते ते चाक. खरी दोन आसनी स्पोर्ट्स कार या भागात विरळाच दिसते. तिची जागा जोरदार इंजिनाच्या हॅचबॅक गाड्यांनी घेतली आहे. मोठ्या चाकामुळे गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरते, वळणावर स्थिर राहते आणि खड्ड्यांतून सहज निघते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीतील तथ्य किती, आणि कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील व सह्याद्रीच्या घाटांतील रस्त्यांवर ते कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'मोठे चाक' म्हणजे काय ?

बोलण्यात 'मोठे चाक' हा एकच शब्द वापरला जात असला तरी त्यात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, धातूच्या रिमचा व्यास. दुसरी, टायरसह संपूर्ण चाकाचा बाह्य व्यास. रिम मोठी केली म्हणजे चाक मोठे झाले असे नव्हे. बहुतेक वेळा रिम वाढविताना टायरची उंची कमी केली जाते आणि बाह्य व्यास जवळपास तेवढाच राहतो. मग वाढते काय, तर धातू. आणि घटते काय, तर हवा.

उदाहरणासाठी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी घेऊ. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी ही गाडी २०१३ मध्ये बाजारात आली. पोलोचे चाकणमधील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तथापि जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला आजही मागणी आहे. तिच्या मूळ टायरचा आकार १८५/६० आर १५ असा होता. यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे रुंदीच्या ६० टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे भिंत १११ मि.मी. आणि बाह्य व्यास ३८१ अधिक २२२, एकूण ६०३ मि.मी.

याच गाडीस १७ इंची रिम व २१५/४० आकाराचा टायर बसविला तर बाह्य व्यास सुमारे ६०४ मि.मी. होतो. मूळ चाकाहून फरक अवघा एक मिलिमीटर. मात्र भिंतीची उंची १११ वरून ८६ मि.मी. वर येते. २५ मि.मी. हवेची गादी गेली आणि तिच्या जागी धातू आला. १६ इंची रिम व १९५/५० टायर घेतल्यास भिंत ९७.५ मि.मी. राहते, व्यास ६०१ मि.मी. भरतो. १६ इंचीच रिमवर १९५/५५ टायर घेतला तर व्यास ६२१ मि.मी. म्हणजे सुमारे ३ टक्के अधिक होतो व भिंत १०७ मि.मी. राहते. पुढील काळात कंपनीने या गाडीच्या काही आवृत्त्यांना १६ इंची चाके स्वतःच दिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. सारांश, दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न 'किती इंची ?' हा नसून 'भिंत किती उरते ?' हा आहे.

बैलगाडीच्या चाकाचा पूर्वानुभव :

चाक किती मोठे असावे हा प्रश्न या भूमीस नवा नाही. तुंबा, आरे आणि वर चढविलेली लोखंडी धाव अशी रचना असलेले पारंपरिक बैलगाडीचे चाक पुरुषाच्या छातीपर्यंत पोहोचेल इतके मोठे असे. त्याचे कारण शोभा नव्हते. चाकाची त्रिज्या जितकी मोठी तितके अडथळ्यावर चढण्यास लागणारे बळ कमी. दीड मीटर व्यासाच्या कठीण चाकास ५ सें.मी. उंचीच्या दगडावर सावकाश चढण्यासाठी त्यावरील भाराच्या साधारण ३८ टक्के इतके आडवे बळ लागते. ६०३ मि.मी. व्यासाच्या कठीण चाकास तेवढ्याच दगडासाठी ६६ टक्के बळ लागते. रान, नाला आणि गाडीवाट यांतून जाणाऱ्या बैलांच्या खांद्यास हा फरक पुरेपूर कळत असे.

मग सहकारी साखर कारखानदारीच्या काळात याच भागात हवेच्या टायरची गाडी आली. टायरगाडीचे चाक जुन्या चाकापेक्षा कितीतरी लहान, तरीही ती त्याहून अधिक ऊस ओढू लागली. डांबरी सडकेला कापत जाणारी लोखंडी धाव गेली आणि तिच्या जागी दबणारी हवा आली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संस्थापक-संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा विषय देशापुढे आग्रहाने मांडला, त्यातही चाकाचा प्रश्न महत्त्वाचा होता. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला, त्यामागेही दगडी रस्त्यावरील हादरे कमी करण्याचाच हेतू होता.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. येथील शेतकऱ्याने मोठा व्यास सोडून हवा स्वीकारली. त्याच गावचा मोटारमालक आज हवा देऊन धातू विकत घेतो आहे. आणि ज्या व्यासवाढीचा गाजावाजा होतो तिचा लाभ किती ? ६०३ वरून ६२१ मि.मी. व्यास झाल्यास वरील दगडासाठी लागणारे बळ ६६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर येते. गाडीची जमिनीपासूनची उंची ९ मि.मी. वाढते. गावोगावच्या मनमानी गतिरोधकांपुढे ९ मि.मी. काय करणार !

वेग, ब्रेक आणि घाट :

बाह्य व्यास वाढल्यावर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. वेगमापक यंत्र मात्र फेरेच मोजते. व्यास ३ टक्के वाढला तर काटा ताशी ८० कि.मी. दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग त्या प्रमाणात वाढतो. मूळ वेगमापक सहसा वास्तवापेक्षा थोडा अधिक वेग दाखवितो, त्यामुळे हा फरक बऱ्याच अंशी झाकला जातो. तथापि व्यास ५ टक्के वाढविल्यावर ती सवलत पुरत नाही.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. ब्रेक चाकाच्या आसावर जे परिबल निर्माण करतो, त्याचे रस्त्यावरील बळ त्रिज्येने भागून मिळते. त्रिज्या ३ टक्के वाढली की तेवढ्याच दाबावर रोखण्याचे बळ ३ टक्के घटते. इंजिनाच्या ओढीचे आणि गिअरमध्ये ठेवून उतरताना मिळणाऱ्या रोधाचेही तसेच. सपाट रस्त्यावर पाय किंचित अधिक दाबला की काम भागते. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना किंवा कोयनानगर सोडून कुंभार्लीने चिपळूणकडे जाताना चार माणसे व सामान घेतलेल्या गाडीचे ब्रेक आधीच तापलेले असतात. तेथे ही उणीव बेरजेत मिळते. शिवाय सतरा इंची रिम बहुधा जड असते आणि तिचे वजन आसापासून दूर सरकलेले असते. परिघाजवळ वाढलेला एक किलो गाडीचा वेग वाढविताना व कमी करताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. ज्या चपळाईसाठी गाडी घेतली, तीच थोडी मंदावते.

मोठ्या रिमच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र नाही. आखूड भिंत कमी वाकते, त्यामुळे स्टिअरिंग फिरविताच गाडी तत्काळ प्रतिसाद देते. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क बसू शकते, आणि शक्तिशाली गाड्यांत मोठी रिम येण्याचे ते एक मुख्य कारण आहे. परंतु डिस्क मूळचीच ठेवून केवळ रिम वाढविली तर हा लाभ मिळत नाही. आऱ्यांमधून दिसते ती नुसती मोकळी जागा. फॉर्म्युला वन शर्यतींतील गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवरच धावत होत्या. २०२२ मध्ये १८ इंची रिम आली, तेव्हा टायरची भिंत जे हादरे पूर्वी स्वतः सोशीत असे ते सांभाळण्यासाठी सस्पेन्शनचा नव्याने विचार करावा लागला. माझदा एमएक्स-५ ही जगात नावाजलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आली ती १८५/६० आर १४ टायरवर. तिच्या चपळाईविषयी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

रस्त्यांचे स्वरूप :

या दोन जिल्ह्यांइतकी विविधता थोड्याच प्रदेशांत आढळेल. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मि.मी. हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. मध्यभागी नदीकाठची काळी जमीन. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात ऊसगाळपाचा हंगाम सुरू झाला की रेठरे बुद्रुक, साखराळे, वाळवा, कुंडल आणि सांगली येथील कारखान्यांकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलरची रांग लागते. जड धुरांमुळे रस्त्यास चाकोऱ्या पडतात, कडा तुटतात.

पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीकडे रात्री निघालेल्या गाडीची कल्पना करावी. ताशी ८० कि.मी. वेगाने ती सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. अर्धा मीटर लांबीचा खड्डा ओलांडण्यास सेकंदाचा चाळिसावा भागही लागत नाही. समोरून दिवा नसलेला ट्रेलर येत असताना ट्रेलर टाळावा की खड्डा, याचा निर्णय चालकाने कधीच घेतलेला असतो. खड्ड्याची पलीकडची कड टायरवर आदळते, भिंत दबते आणि पुरेशी उंची नसेल तर कड थेट रिमपर्यंत पोहोचते. रिम वाकते किंवा तडकते. भिंतीच्या आतील धागे तुटले तर काही दिवसांनी बाजूस फुगा येतो. फुगा आलेला टायर कोणत्याही क्षणी फुटू शकतो आणि त्याची दुरुस्ती होत नाही, हे पंक्चरवाल्याने सांगूनही पुष्कळ जण तो तसाच चालवितात. १११ व ८६ मि.मी. यांतील २५ मि.मी. चे मोल येथे कळते.

पश्चिमेकडे प्रश्न निराळा आहे. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर अधिक पकड देतो. साचलेल्या पाण्यावर मात्र तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगालाच तरंगू लागतो. जुलै महिन्यात मेढा, केळघर किंवा कास या रस्त्यांवर नित्य जाणाऱ्याने रुंदी वाढविण्यापूर्वी टायरच्या खाचांची खोली पाहणे अधिक हिताचे ठरेल.

कायदा व विमा :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्यामुळे उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या टायर-आकारांच्या मर्यादेत राहणे हा सर्वांत निर्वेध मार्ग होय. हे आकार वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असतात. त्याबाहेरचा बदल विमा कंपनीस न कळविता केला आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी वादास तोंड फुटते.

निर्णयाचे निकष :

वरील विवेचनावरून ऊसपट्ट्यात राहणाऱ्या, वर्षभर सर्व रस्त्यांवर गाडी वापरणाऱ्या मालकाने पोलोसारख्या गाडीस १७ इंची रिम बसवू नये, असे स्पष्ट मत मांडावेसे वाटते. १६ इंच ही मर्यादा मानावी आणि तीही १९५/५५ या उंच भिंतीच्या टायरसह. ज्यास देखाव्यापेक्षा उपयोग प्रिय आहे त्याच्यासाठी आणखी एक पर्याय आहे, पण त्याकडे कोणी फारसे वळत नाही. मूळ १५ इंची रिमवरच १९५/६० टायर घेतल्यास भिंत ११७ मि.मी. होते व व्यास केवळ २ टक्क्यांनी वाढतो. रिमचा खर्च वाचतो, हवा वाढते. अर्थात हा आकारही उत्पादकाच्या यादीशी पडताळून घ्यावा.

रिम बदलावयाचीच असल्यास बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. 'बसते' आणि 'जुळते' यांत फरक आहे. मधले छिद्र मोठे असेल तर गाडीचा भार योग्य रीतीने हबवर बसत नाही व वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. ऑफसेट चुकला तर बेअरिंगवर ताण येतो आणि मागे तीन माणसे बसल्यावर टायर मडगार्डला घासू लागतो. टायरचा भार-निर्देशांक मूळपेक्षा कमी नसावा. ८४ हा अंक ५०० किलो दर्शवितो, ८२ हा ४७५ किलो. चार चाकांत मिळून हा फरक १०० किलोंचा, म्हणजे जवळपास दीड माणसाचा होतो. चाके बसविल्यानंतर पहिल्या ५० ते १०० कि.मी. नंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

राहता राहिली स्टेपनी. चार नवी चाके घेणारा ग्राहक पाचवे क्वचितच घेतो. डिकीत जुने १५ इंची चाक तसेच राहते. बाहेरची चाके ६२१ मि.मी. ची झाली असतील तर ६०३ मि.मी. ची ही स्टेपनी केवळ जवळच्या दुकानापर्यंत, सावकाश नेण्यापुरती उपयोगाची. अलॉय रिमचे बोल्ट मूळ चाकास चालतातच असे नाही, म्हणून जुने बोल्टही डिकीत ठेवावे लागतात. आणि रात्री अकरा वाजता म्हसवड किंवा जतच्या रस्त्यावर टायर फाटला, तर आखूड भिंतीचा सतरा इंची टायर त्या गावात दुसऱ्या दिवशीही मिळेल याची खात्री नसते.